सातवा चिंचोका

"सायब, एक दिस आदी आलात," सटवा हसून म्हणाला. "ऐतवार उद्या हाय."

पाळक त्रिंबकराव तट्टावरून उतरले. प्रार्थनाघराला कुलूप होतं, माणसं शेतात. "सटवाबा, रविवार आजच आहे. माझ्याकडे छापील कॅलेंडर आहे."

सटवानं आतून गाडगं आणून तळहातावर पालथं केलं. सहा चिंचोके. रोज पहाटे तो एक टाकायचा. सातवा पडला की दारापुढं टांगलेली लोखंडी पट्टी ठोकून मंडळी जमवायची. बारा वर्षं हेच चाललं होतं. चूक झालीच असती तर शिरूरच्या आठवडी बाजारानं लगेच पकडली असती. पण यंदा प्लेगानं बाजार बंद, बाकीचं गाव रानातल्या झोपड्यांत, आणि दर जुम्म्याला नमाजाला जाणारा नाक्यावरचा जवानही चौकी सोडून गेलेला.

"म्हंजी किती आठवडे आमी सोमवारी जमलो?" सटवानं तळहातावरचे चिंचोके पुन्हा मोजले. "मंग ती भक्ती वाया गेली का, सायब? मी तर एक दिस चुकलो न्हाई. तापात पडलो ते नऊ दिसच गाडगं हिच्याकडं व्हतं."

त्याची बायको सारजाबाई उंबऱ्यात उभी होती. "टाकत व्हते की रोज. एक दिस ऱ्हायला."

"कोनता?"

"आपल्या रतनीला मातीत ठिवली, तो."

त्रिंबकरावांनी पागोटं काढून हातात घेतलं.

"किती जण जमायचात?"

"जगल्याले समदे. सतरा."

"सतरा जणांनी प्लेगात एक आठवडा सोडला नाही. वाया कसं जाईल? आज पट्टी वाजवा, उद्याही वाजवा. उद्या आभाराची उपासना करू. मी मुक्काम करतो."

"दोनदा वचन ऐकायचं?" सारजाबाई डोळे पुसत म्हणाली. "गहिनीनाथभावजी दोनदा घोरत्याल."

सटवाही हसला. मग त्यानं मनात हिशेब मांडला. नऊ दिवस, आठ चिंचोके. नवरा तापात, लेक तापात, आणि तरी आठ. इतके दिवस तो स्वतःच्या बारा वर्षांचा अभिमान बाळगून होता; हे आठ त्याला ठाऊकच नव्हते.

पडवीतल्या ढिगातून त्यानं एक चिंचोका निवडला, फुंकून साफ केला आणि तिच्या हातावर ठेवला.

"तुझा हाय. तूच टाक."

सारजाबाईनं मूठ मिटली. ती उघडायला तिला वेळ लागला. तोवर सटवा हातोडी घेऊन पट्टीपाशी थांबून राहिला.