रोमन ढालीचा गॉल

मित्रांनो, मी एक जुना गॉल योद्धा आहे. उंचीने तुमच्या अंगठ्याएवढा, अंगाने शिशाचा आणि स्वभावाने जरा तापट. मला खेळणं म्हटलेलं आवडत नाही. खेळणी टोपलीत एकमेकांच्या अंगावर पडून असतात, आम्ही रांगेत उभे राहतो. माझ्या मिशा पिवळ्या आहेत, विजार चौकटींची आहे आणि डाव्या हातात ढाल आहे. ही ढाल नीट बघून ठेवा. माझं जे काही नाव झालं ते तिच्यामुळेच झालं.

माझा जन्म घड्याळदुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत झाला. दुकानाच्या मालकांना सगळे घड्याळवाले म्हणतात, मीही तेच म्हणतो. दिवसभर लोकांची बंद पडलेली घड्याळं चालू करायची आणि दुकानाचं शटर खाली ओढलं की खिडकी उघडून शिसं वितळवत बसायचं, हा त्यांचा छंद. वितळलेलं शिसं ते रबराच्या साच्यात ओतायचे आणि थंड झालं की आम्हाला बाहेर काढून कानशीने घासायचे. माझ्या वेळी साच्यात हवेचा बुडबुडा अडकला. हात आले, पाय आले, मिशाही आल्या, ढाल मात्र अर्धीच आली. दुसरा कोणी असता तर मला पुन्हा वितळवून मोकळा झाला असता. घड्याळवाल्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "चेहरा छान आलाय याचा." मग त्यांनी डबीतून एक उरलेली रोमन ढाल शोधली. लाल रंगाची, चौकोनी, मधोमध पिवळा ठिपका असलेली. ती माझ्या हाताला चिकटवत ते स्वतःशीच पुटपुटले, "कुठल्या तरी रोमनाला लोळवून घेतली असेल यानं." अजून मी रणांगण पाहिलंही नव्हतं आणि माझ्या नावावर एक रोमन जमा झाला होता. मी काय फुगलो म्हणून सांगू!

आता आमच्या लढाईविषयी सांगतो. फार फार पूर्वी अलेशिया नावाच्या डोंगरी किल्ल्यात रोमनांनी गॉल लोकांना, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या जुन्या टोळ्यांना, कोंडलं. कोंडलेल्यांना सोडवायला बाहेरून आणखी गॉल येणार हे रोमनांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी किल्ल्याभोवती दोन तटबंद्या बांधल्या. एक आतल्यांना अडवायला, दुसरी बाहेरच्यांना अडवायला, आणि स्वतः मधल्या पट्टीत उभे राहिले. शेवटी रोमनच जिंकले. ही लढाई आम्ही टेबलावर पुन्हा पुन्हा लढतो. बाहेरून मदतीला येणाऱ्या गॉलांच्या पहिल्या रांगेत मी असतो.

हे टेबल घड्याळवाल्यांच्या मोठ्या बहिणीच्या घरी, मागच्या खोलीत आहे. ती त्यांची ताई, म्हणून आम्हा सगळ्यांचीच ताई. तिचे यजमान दातांचे डॉक्टर. रोमन सैन्य त्यांचं. आमचा डोंगर त्यांनीच दवाखान्यातल्या प्लास्टरचा केला आहे, ज्याचे ते एरवी लोकांच्या दातांचे नमुने बनवतात. बाजूने पाहिलं तर किल्ला हुबेहूब दाढेसारखा दिसतो. तटबंदी दात कोरायच्या काड्यांची आहे. कोण किती पुढे जाणार हे ताईच्या शिवणाच्या टेपने मोजायचं आणि कोण मरणार हे फाशांनी ठरवायचं. दर रविवारी जेवणं झाली की लढाई सुरू व्हायची आणि थोड्याच वेळात स्वयंपाकघरातून ताईचा आवाज यायचा, "माझी टेप कुठे गेली?" तेव्हा दोन्ही सेनापती मूग गिळून बसायचे.

डॉक्टर नियमाचे कडक. त्यांचा सगळ्यात लाडका नियम म्हणजे 'हात लावला की हलवला'. ज्या शिपायाला बोट लागलं त्याला त्याच डावात हलवायचंच, मग तो कितीही गैरसोयीच्या जागी जावो. आणि आमचे घड्याळवाले! त्यांच्या हातांना स्वस्थ बसणं माहीत नाही. कोणाचा भाला वाकडा दिसला की उचल, सरळ कर. कोणाच्या शिरस्त्राणावर धूळ दिसली की उचल, फुंकर मार. मग डॉक्टर खुर्चीत मागे रेलून म्हणायचे, "मेहुणे, हात लावलात. हलवा आता." झालं. सरळ भाल्याचा तो बिचारा एकटाच रोमनांच्या तोंडी जायचा. अशाने आम्ही एकही लढाई जिंकलो नाही. ऐन रंगात आलेली लढाई एका फुंकरीपायी हातची गेलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे.

मधे एक काळ फार वाईट गेला. घड्याळवाल्यांची बायको आजारी पडली आणि त्या आजारातच गेली. त्यानंतर त्यांनी आम्हाला खोक्यात घातलं आणि खोकं कामाच्या टेबलाखाली सरकवलं. अंधारात माझा भाला दुसऱ्याच्या कानात आणि तिसऱ्याची तलवार माझ्या पाठीत, अशी आमची अवस्था होती. रंगाचे टवके उडाले. वर घड्याळं टिकटिक करत असायची आणि घड्याळवाले त्यांच्याशी बोलत असायचे, "काय रे, आज मागे का पडलास?" माणसाशी बोललेलं मला फारसं ऐकू यायचं नाही. मला तेव्हा आमच्यापेक्षा त्यांचंच जास्त वाईट वाटायचं. एक दिवस डॉक्टर स्वतः दुकानात आले, खाली वाकून खोकं बाहेर ओढलं आणि म्हणाले, "माझे रोमन गंजायला लागलेत. रविवारी या." शिसं गंजत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. घड्याळवाले आले आणि तेव्हापासून त्यांचा एकही रविवार चुकला नाही.

सगळं छान चाललं होतं आणि ताईला पडद्यांची कामं मिळायला लागली. आधी शेजारच्या घराचे पडदे, मग एका शाळेचे, मग एका मोठ्या हॉलचे. एवढं कापड जमिनीवर पसरून कापताना तिची कंबर मोडायची. खरं सांगायचं तर तिचं काही चुकत नव्हतं. एका रविवारी ती दारात उभी राहिली, कमरेवर हात ठेवून आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, हे टेबल मला हवंय. कापड बेतायला."

"आणि वेढा?" डॉक्टरांनी विचारलं.

"कसला वेढा? दर वेळी तुम्हीच जिंकता. काय होणार ते आधीच ठाऊक असेल तर त्याला लढाई कशाला म्हणायचं? पुढच्या रविवारी एकदा शेवटची लढा. याचे गॉल जिंकले तर टेबल तुमचं, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. रोमन जिंकले तर सोमवारी डोंगर खाली उतरवायचा. आणि मुद्दाम हरलात तर मला कळेल हं."

डॉक्टरांना ते टोचलं. "मी आणि मुद्दाम हरेन?" एवढंच म्हणून ते फासे पुसत राहिले.  जाताना घड्याळवाल्यांनी आम्हाला एकेक करून पुसलं आणि माझ्यापाशी जरा थांबले. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला लख्ख कळत होतं. टेबल गेलं तर रविवार गेला. उगाच कोणाच्या घरी जाऊन बसणारा हा माणूस नव्हे, मग ते सख्ख्या बहिणीचं घर का असेना. 

तो रविवार उजाडला. घड्याळवाले आले तेच हात पाठीमागे बांधून. चाल करायची तेवढ्यापुरता हात पुढे यायचा, शिपाई हलवला की पुन्हा पाठीमागे. किल्ल्यातल्या एका सरदाराचं शिंगांचा टोप तिरका झाला होता. घड्याळवाल्यांची बोटं पाठीमागे नुसती वळवळत होती, पण त्यांनी हात लावला नाही. डॉक्टरांना याची सवय नव्हती. ते वाट बघायचे, बघायचे आणि शेवटी स्वतःच विचारायचे, "मेहुणे, तो टोप बघितलात का?" घड्याळवाले म्हणायचे, "बघितला. असू दे."

बाहेरच्या तटबंदीपाशी घमासान माजलं होतं. आम्ही खंदक ओलांडला होता आणि रोमनही दरवाजा उघडून बाहेर आले होते. सगळी नुसती सरमिसळ झाली होती. नियम असा होता की गॉल शिपाई दरवाजाच्या आत उभा असेल तर दरवाजा उघडा समजायचा, आणि बाहेरचे गॉल मधल्या पट्टीत किल्ल्यातल्या गॉलांना भेटले की आम्ही जिंकलो. पण आमच्या रांगा विरळ होत चालल्या होत्या. डॉक्टरांनी पाहिलं, आता आपले लोक आत घेऊन दरवाजा लावला की संपलंच. ते भराभर एकेक रोमन उचलून आत ठेवू लागले. लाल ढाल, उचल. लाल ढाल, उचल. आणि मित्रांनो, त्यांनी मलाही उचललं! तटावरून उडत गेलो मी, आणि त्यांनी मला दरवाजाच्या आतल्या बाजूला, रोमनांच्या रांगेत, अगदी प्रेमाने नीट उभं केलं. शेजारचा रोमन माझ्या मिशांकडे बघतच राहिला.

डॉक्टर खुर्चीत रेलले. ताई दारातच उभी होती, तिलाही काही कळलं नव्हतं. घड्याळवाले मात्र खाली वाकले. स्वतःच्या हाताने घडवलेला चेहरा माणूस विसरतो होय!

"भाऊजी," ते हळूच म्हणाले, "हा माझा आहे."

डॉक्टरांनी चष्मा वर केला, खाली केला, माझ्या विजारीकडे पाहिलं आणि त्यांचे कानच लाल झाले.

"राहू दे," घड्याळवाले म्हणाले. "ढालीमुळे घोटाळा झाला. परत बाहेर ठेवा. माझी काही हरकत नाही."

बघा, असा माणूस! सगळा रविवार पणाला लागलेला आणि म्हणतो परत ठेवा. मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मी तुम्हाला इतकी वर्षं कधी परत ठेवू दिलं का?"

"नाही."

"मग झालं तर. हात लावला की हलवला. दरवाजा उघडा आहे. या आत."

मग काय विचारता! आमचे लोक लोंढ्याने आत शिरले. फासे खडखडत होते, डॉक्टर दात-ओठ खाऊन लढत होते, एक इंचही फुकट देत नव्हते. शेवटच्या रांगेपाशी आम्ही चौघेच उरलो होतो. घड्याळवाल्यांनी फासे टाकले, चांगले पडले. तिकडून किल्ल्यातले गॉल खाली उतरले. ज्या तिरक्या टोपाच्या सरदाराला मी जन्मभर लांबूनच पाहत होतो, तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. आम्ही जिंकलो होतो.

"इतिहासात असं झालं नव्हतं," डॉक्टर म्हणाले.

"तिकडे तुम्ही नव्हतात ना," घड्याळवाले म्हणाले.

ताईने नवऱ्याकडे रोखून पाहिलं. "मुद्दाम केलंत का?" डॉक्टर इतके दुखावले की चहा येईपर्यंत कोणाशी बोलले नाहीत. मी छातीठोकपणे सांगतो, ती अस्सल चूक होती. त्यांच्या चिमटीत मी होतो, मला नाही कळणार तर कोणाला?

चहा पिता पिता घड्याळवाल्यांनी अचानक कप खाली ठेवला. "ताई, टेबल तूच घे. तुझी कंबर दुखते. आम्ही जिंकलो, तेवढं पुरे झालं." जरा थांबून ते म्हणाले, "फक्त मी रविवारी येत जाऊ का? असाच?"

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. "अरे, तू काय टेबलासाठी येत होतास?"

"घरी कोणी नसतं. लढाई आहे म्हटलं की निघता येतं. नुसतंच जेवायला यायचं म्हणजे पाय उचलत नाही."

ताईने डोळे पुसले आणि लगेच नेहमीच्या आवाजात बोलायला लागली. "दिलेला शब्द मी फिरवत नाही. टेबल तुमचं. पण आठवड्यात माझं कापड त्यावर पसरणार. म्हणून तू शनिवारी मांडायला यायचं, रविवारी लढायचं आणि सोमवारी दुकान बंद केलं की आवरायला यायचं. तिन्ही दिवस जेवून जायचं. आवरल्याशिवाय गेलास तर बघ."

घड्याळवाल्यांनी मान हलवली.  डॉक्टर म्हणाले, "पुढच्या वेळी मी गॉल घेणार," आणि ताई म्हणाली की मग रोमन ती घेईल, कारण टेप तिची आहे.

आता मी म्हातारा झालो आहे. ढालीचा लाल रंग एका कोपऱ्यात उडाला आहे आणि मिशा फिक्या पडल्या आहेत. तरी दर शनिवारी घड्याळवाले मला उचलतात, फुंकर मारतात आणि उभं करतात. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे कोणी असतील तर त्यांना भाल्याला धरून उचलू नका, पायाखालच्या चकतीला धरा. त्यांना खोक्यात कोंबू नका, काचेच्या कपाटातही नुसते शोभेला मांडू नका. आणि तुमच्या ओळखीत एखादा मामा, काका, शेजारी असेल, जो नुसतं 'या' म्हटलं तर येत नाही, त्याला सांगा की लढाई आहे आणि समोर बसायला कोणी नाही. मग आम्हाला टेबलावर मांडा आणि दार उघडं ठेवा.