दुसऱ्या कोणाच्या मुलीसाठी

उन्नतीचं पत्र सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आलं होतं, आणि डिसेंबर लागला तरी धम्मानंद मेश्राम यांनी त्याला उत्तर लिहिलं नव्हतं.

पत्र एका पानाचं होतं. निवासी शाळेत महिन्यातल्या एका रविवारी मुलींनी घरी पत्र लिहायचं, तेही इंग्रजीतून, आणि वॉर्डन मॅडमनी वाचून सही केल्यावरच ते टपालात पडायचं. त्यामुळे पहिल्या चार ओळी सगळ्याच मुली लिहीत असतील तशा होत्या. मी बरी आहे, जेवण चांगलं आहे, पाऊस फार आहे, मैत्रिणी झाल्या आहेत. पाचव्या ओळीपासून अक्षर बारीक झालं होतं.

‘मेडिकलचा कागद शोधायला मॅडमनी माझी फाइल काढली, तेव्हा तिच्यात तुमचं कार्ड होतं. ग्रंथालयाचं. तुमचं अक्षर मला ओळखू येतं. मला स्वतःचं काही करता येत नाही असं तुम्ही लिहिलंय. बुटाची लेस मला पहिलीपासून बांधता येते, आजोबा. तुम्हाला बांधायला आवडायचं म्हणून मी पाय पुढे करायची. मला इथे पाठवायचं होतं तर मला आधी सांगायचं ना.’

खाली पूर्ण नाव, आडनावासकट. अकरा वर्षांच्या नातीने आजोबाला आडनावासकट नाव लिहावं, हे त्यांना पत्रातल्या बाकी मजकुराइतकंच लागलं.

कार्ड त्यांचंच होतं, यात शंका नव्हती. धम्मानंदांनी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात चौतीस वर्षं काढली. संगणक आले आणि पुस्तकांच्या नोंदींची जुनी कार्डं रद्दीत निघाली, तेव्हा दोन खोके ते घरी घेऊन आले. एका बाजूला पुस्तकाचं नाव नि क्रमांक, दुसरी बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूला ते किराण्याच्या यादीपासून सगळं लिहीत. धर्मांतराच्या पुढच्याच वर्षी जन्मले, म्हणून वडिलांनी हौसेने नाव ठेवलं होतं. पण त्या नावाला शोभेल असं ठामपणे चार माणसांत बोलणं त्यांना आयुष्यात जमलं नाही. कागदावर मात्र त्यांचं इंग्रजी चांगलं होतं. निदान लोक तसं म्हणत. त्यांना स्वतःला प्रत्येक वाक्यानंतर शब्दकोश उघडून खात्री करावीशी वाटे.

मनीषनगरच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये या इंग्रजीचा एक वेगळाच उपयोग निघाला होता. नर्सरीच्या प्रवेशासाठी शाळा आधी आईबापांचीच मुलाखत घेत. मुलाला स्वतंत्र कसं बनवता? तो चुकला तर काय करता? इतरांशी तुलना करता का? तळमजल्यावरच्या पिंकीने पहिल्यांदा मोठ्या मुलाच्या वेळी त्यांना गाठलं, आणि मग दर डिसेंबरात कोणी ना कोणी वही घेऊन येऊ लागलं. ते कार्डावर वाक्यं लिहून देत आणि लोक ती देवनागरीत उतरवून पाठ करत. ‘वी लेट हिम मेक हिज ओन मिस्टेक्स.’ ‘वी डोन्ट कंपेअर.’ मुलासाठीही एक वेगळं कार्ड असे. कोणी मदत करू लागलं तर म्हणायचं, ‘थँक यू, आय कॅन मॅनेज.’

गेल्या फेब्रुवारीत रोशन, त्यांचा मुलगा, असाच त्यांच्याजवळ येऊन बसला होता.

“बाबा, एक काम होतं. आमच्या ऑफिसातल्या साहिलले पोरीचा फॉर्म भराचा आहे. बोर्डिंगचा. पोरीले काहून पाठवून राहिले, ते आईबापानं दीडशे शब्दांत लिवाचं असते.”

“पोरगी कशी आहे?” धम्मानंदांनी विचारलं. माहिती असल्याशिवाय ते लिहीत नसत.

“हुशार आहे. पण चार लोकांत तोंडातून शब्द फुटत नाही. घरात म्हातारं माणूस आहे एक, ते तिले काही करूच देत नाही. भात कालवून देते, दप्तर भरून देते. कोणी तिले काही विचारलं तर तिच्या आधी तेच उत्तर देते.”

“कोण, आजी?”

रोशन मोबाइलकडे पाहत म्हणाला, “हो, तसंच काहीतरी.”

त्या न पाहिलेल्या आजीचा धम्मानंदांना थोडा रागच आला. आपणही उन्नतीचं दप्तर भरतो, हे त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. पण आपलं वेगळं, आपण तिला वाचायला बसवतो, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. तीन कच्चे मसुदे करून चौथा त्यांनी कार्डावर उतरवला. त्यातलं एक वाक्य त्यांना फार साधलं होतं. त्याचा अर्थ असा होता, की जे मूल स्वतः करू शकतं ते त्याच्यासाठी करून देणारी माया ही मुलाच्या मालकीचं काहीतरी उचलून नेत असते.

रोशनने कार्ड दोनदा वाचलं. “एक नंबर, बाबा,” म्हणाला आणि खिशात घातलं. ते दोन दिवस खुशीत होते.

जूनमध्ये, जायच्या आठ दिवस आधी, त्यांना कळलं की उन्नती हॉस्टेलला चालली आहे. त्यांनी एवढंच विचारलं, “साहिलच्या पोरीलेही तिथंच भेटली काय जागा?”

“तिचं कॅन्सल झालं,” रोशन म्हणाला.

सप्टेंबरात पत्र वाचताना या सगळ्याचा अर्थ त्यांना एकदम लागला. फॉर्मला मसुदा चुकून तसाच टाचून गेला असेल, आणि तो कारकुनाने फाइलमध्ये लावला असेल. त्या दिवशी रोशन कामावरून आला, तेव्हा ते दारापर्यंत गेलेही. मग त्याने हेल्मेट ठेवलं, पाणी मागितलं, आणि ते म्हणाले, “आज ऊन फार होतं.” दुसऱ्या दिवशी विचारू म्हणाले. दुसऱ्या दिवशी वाटलं, रोशन म्हणेल की कार्डावर खोटं काय आहे ते सांगा. आणि विचारणं राहूनच गेलं.

दिवाळीत उन्नती नऊ दिवस घरी आली. उंच झाली होती. पहिल्या दिवशी तिची बॅग उचलायला ते वाकले, तर ती म्हणाली, “थँक यू, आय कॅन मॅनेज.” उद्धटपणे नाही, अगदी गोड. ते त्यांच्याच कार्डावरचं वाक्य होतं. एकदा गॅलरीत दोघंच होते, सून मेघा बाजारात आणि रोशन अंघोळीला. ती पायरीवर बसून पुस्तक वाचत होती.

“थंडी असेल तिकडे,” ते म्हणाले.

“हो.”

एवढंच. सुट्टी संपली आणि ती शाळेत परत गेली.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी पिंकी वही घेऊन आली. या वेळी धाकट्याची मुलाखत होती.

“काका, ते स्वतंत्रवालं वाक्य सांगा ना पयले. तेच इचारते म्हणतात हमखास.”

“वी वॉन्ट हिम...” धम्मानंदांनी सुरुवात केली आणि थांबले.

“वी वॉन्ट हिम,” पिंकीने लिहून घेतलं. “फुडं? अन् खरं सांगू काय काका, माहं पोरगं चड्डी बी मलेच घालून मागते. अन् मी तिथं म्हणू, ही इज इंडिपेंडंट! मॅडमनं म्हटलं ना, की घाल रे बाबू चड्डी, तर माही फजितीच!” ती स्वतःच हसली. मग त्यांचा चेहरा पाहून म्हणाली, “काहून हो काका? तब्येत बरी नाही काय?”

“बरी आहे.”

“उन्नतीची याद येत असंन. पण मानलं बा तुमाले. मेघाताई सांगून राहिल्या होत्या खाली सगळ्याईले, का आजोबांनीच जोर लावला म्हणे पोरीले पाठवाचा. रोशनभाऊ तयार नव्हते, मेघाताई तर रडून राहिल्या होत्या, पण आजोबा म्हणाले, पाठवाच. त्या दिवशी हॉस्टेलच्या गेटवर पोरगी सोडेच ना, तं भाऊंनी हेच सांगतलं म्हणे तिले. आजोबाची इच्छा आहे बेटा, म्हणून. तवा कुठं आत गेली. एवढं काळीज आमच्याकडून नाही होत, काका.”

धम्मानंदांनी तिला उरलेलं वाक्य सांगितलं नाही. उद्या ये, म्हणाले.

रविवारी सकाळी रोशन तर्री-पोहे घेऊन आला. मेघा ताटल्या मांडत होती. धम्मानंद खुर्चीत बसले नाहीत. उभ्यानेच, टेबलाच्या कडेला हात टेकून, त्यांनी विचारलं, “साहिलले पोरगी आहे काय रे?”

रोशनने मेघाकडे पाहिलं. “काय झालं, बाबा?”

“आहे काय?”

“नाही. त्याचं लग्नच नाही झालं अजून.” त्याने पुडी सोडायचं थांबवलं. “तुमाले सांगतलं असतं तर तुमी लिवलं असतं काय?”

“नसतं.”

“मग? शाळेच्या मॅनेजमेंटले चांगलं इंग्रजी पाहिजे होतं. माह्याच्यानं तसं होत नाही. तुमच्यासारखं लिवणारं दुसरं कोण आहे घरात?”

“अन् तिले गेटवर काय सांगतलं तू?”

आता मेघाने ताटली खाली ठेवली. “बाबा, ती माह्या ओढणीले धरून होती हो. सोडेच ना. तुमचं नाव घेतलं तर ऐकते ती, म्हणून...”

“माह्याच नावानं मले काढून टाकलं तिच्या मनातून,” धम्मानंद म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. त्यांना तो चढवता येतच नसे.

रोशन उठला. “ती तुमच्यासारखी होऊन राहिली होती, बाबा. ऐकाचंच आहे तर ऐका. मी लहानपणी तुमच्या लायब्ररीत येत होतो. तुमच्या साहेबानं सगळ्या पोरापोरीईसमोर तुमाले झापलं, दुसऱ्याच्या चुकीसाठी, अन् तुमी खाली मान घालून कार्डं लावत राह्यले. मी दाराशी उभा होतो. मले नाही पाहिजे माही पोरगी तशी.”

धम्मानंदांना तो दिवस आठवत होता. रोशन दाराशी होता, हे मात्र त्यांना आज कळलं.

ते म्हणाले, “मी तिले लिहिणार आहे. खरं काय ते.”

“नका लिवू.” रोशनचा आवाज एकदम खाली आला. “ती आता सेट होऊन राहिली तिथं. बापच खोटं बोलला असं कळलं तर ती मले काय समजंन?”

“अन् मले काय समजून राहिली ती?”

“तुमचं काय, बाबा. तुमी आजोबा आहात. चार दिवसांनी विसरून जाईन ती.”

हे त्याने चिडून म्हटलं नाही. समजूत घालावी तसं म्हटलं, आणि ताटलीत पोहे वाढून त्यांच्यापुढे सरकवले. धम्मानंद खोलीत गेले.

पत्राला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी ते इंग्रजीतून लिहायला बसले आणि वाक्यं भराभर येऊ लागली. आम्हाला तुझ्या भावनांचा आदर आहे. प्रत्येक मुलाला स्वतःची वाट शोधायचा हक्क असतो. सगळी गुळगुळीत, इतक्या लोकांच्या वहीत गेलेली. त्यांनी ती खोडली. दुसऱ्या दिवशी मराठीतून लिहिलं, तर त्यात रोशनला वाचवलं होतं. काहीतरी गैरसमज झाला, असं लिहिलं होतं. तेही फाडलं. वॉर्डन मॅडम पत्र आधी वाचतील, या भीतीने अर्धा दिवस गेला. मग वाटलं, वाचोत. कार्डही त्यांनी वाचलंच आहे.

तिसऱ्या दिवशी हे पत्र झालं.

‘चि. उन्नतीस,

ते कार्ड मीच लिहिलं. ते तुझ्यासाठी आहे हे मला ठाऊक नव्हतं. तुझ्या बाबांनी दुसऱ्या कोणाच्या मुलीसाठी म्हणून ते माझ्याकडून लिहून घेतलं. तुला तिथे पाठवावं अशी माझी इच्छा असल्याचं तुला गेटवर सांगण्यात आलं. माझी तशी इच्छा नव्हती. मला कोणी विचारलंही नव्हतं.

बाबांवर रागवावं की नाही, हे तुझं तू ठरव. मला राग आला आहे आणि तो अजून गेलेला नाही.

कार्डावर मी एका म्हाताऱ्या माणसाबद्दल वाईट लिहिलं आहे. तो मी आहे हे माझ्या लक्षात आलं नाही. त्यातलं काही खरं आहे. तुला कोणी काही विचारलं की तुझ्या आधी मी बोलत असे. बाहेर मला बोलता येत नाही, म्हणून घरी तुझ्या वाटचंही बोलून घेत होतो, असं आता वाटतं.

तुझं पत्र येऊन तीन महिने झाले. दिवाळीत तू समोर होतीस तरी मी गप्प राहिलो. ते माझं भित्रेपण आहे, त्यात बाबांचा दोष नाही.

तुला तिथे राहायचं आहे की घरी यायचं आहे, हे कोणीच तुला विचारलं नाही. मी विचारतो. माझ्या हातात फारसं काही नाही, पण तू जे सांगशील ते मी तुझ्या आईबाबांसमोर मोठ्याने वाचून दाखवीन. उत्तर इंग्रजीतून लिहावं लागलं तरी चालेल.

आजोबा’

‘मोठ्याने’ हा शब्द त्यांनी दोनदा खोडून दोनदा परत लिहिला होता.

दुपारी ते पोस्टात गेले. खिडकीशी तीन माणसं होती. त्यांची पाळी आली तेव्हा मागे आणखी चार झाली होती.

“साधं की स्पीड पोस्ट?” खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

“स्पीड पोस्ट.”

“पाठवणाऱ्याचं नाव नाही टाकलं, काका. अन् मोबाइल नंबर बी लागते.”

घरून जाणाऱ्या पाकिटावर नेहमी रोशनचं नाव असे. धम्मानंदांनी खिशातून पेन काढलं, पाकीट भिंतीला टेकवलं आणि डाव्या कोपऱ्यात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. मागचा माणूस म्हणाला, “लवकर करा ना गा काका, बँक बंद होईन.” त्यांना घाई सहन होत नसे, कोणी मागे असलं की ते बाजूला होत. आज ते बाजूला झाले नाहीत. नंबर लिहिला, पुन्हा तपासला आणि पाकीट आत सरकवलं.

बाईंनी वजन केलं, चिकटपट्टी लावली, शिक्का मारला. तेवढ्यात धम्मानंदांना वाटलं, ‘भित्रेपण’च्या ऐवजी दुसरा एखादा शब्द बरा झाला असता.

“बाई, एक मिनिट...”

“काय झालं?”

पाकीट बाईंच्या हातात होतं, अजून पोत्यात गेलं नव्हतं.

“काही नाही,” धम्मानंद म्हणाले. “कधी पोचेल?”

“परवा,” म्हणून बाईंनी ते मागच्या पोत्यात टाकलं आणि हात पुढच्या माणसाकडे केला.