खुर्चीच्या हातावरचे लाल बटण

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे, पण माझ्यात बसून कोणी कधी लग्नाला गेले नाही की सहलीला. लोक माझ्यात बसत ते दात दाखवायला, आणि ते बसले की मी जागची हलत नसे. मी दातांचा फिरता दवाखाना. फिरायचे ते मी, आणि माणसाने फक्त आ करायचा.

माझा जन्म तसा दोनदा झाला. आधी कारखान्यात, सामान वाहायची गाडी म्हणून. मग एका पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे एका दातांच्या डॉक्टरांनी माझ्या पोटात खुर्ची, दिवा, पाण्याची टाकी आणि हवेचे यंत्र बसवून घेतले. डॉक्टर हौशी आणि तितकेच हट्टी. खुर्चीच्या उजव्या हातावर त्यांनी एक लाल बटण बसवायला सांगितले. रोग्याने ते दाबले की दात कोरायचे यंत्र तिथल्या तिथे बंद.

मिस्त्री म्हणाला, "डॉक्टर, लोक दाबतच बसतील. एका दाढेला दिवस जाईल."

"जाऊ दे की. तोंडात हत्यार घातल्यावर माणसाला बोलता येत नाही. मग त्यानं सांगायचं कसं?"

मिस्त्रीचा अंदाज साफ चुकला. थांबवायची सोय हाताशी आहे म्हटल्यावर लोकांना थांबवावेसेच वाटत नसे. मी माणसे बसल्या बसल्या ओळखू लागले. "मला भीतीबिती काही वाटत नाही" असे म्हणत जो चढे, तो तोंड उघडायच्या आधीच बटण दाबे. जी आजी पायरीवरच देवाचा धावा सुरू करी, ती मात्र दोन्ही हात पोटावर ठेवून खुशाल पडून राही. डॉक्टरांच्या पत्नीला सगळे बाई म्हणत. त्या हत्यारे उकळत, दातात भरायची चांदी घोटून देत आणि रडणाऱ्या पोरांच्या चपला सांभाळत. दोघांचे काम असे जुळलेले की तासन्‌तास एकमेकांशी बोलायची गरज पडत नसे. कौतुकही पुष्कळ झाले. माणसे मला वळसा घालून बघत आणि म्हणत, "गाडी नाही, माहेर आहे." दात काढायला माहेरी कोण जाते, हे मी कधी विचारले नाही.

एके दिवशी दुपारी रोगी संपले. डॉक्टर कधी रोग्याच्या खुर्चीत बसत नसत, त्या दिवशी बसले. "जरा टेकतो," म्हणाले. बाई बाहेर हत्यारे धूत होत्या. त्यांनी हाक मारली, ओ आली नाही. आत येऊन पाहतात तो डॉक्टरांचा अंगठा बटणावर होता. तो सोडवायला बाईंना बराच वेळ लागला. डॉक्टर कोणाला थांब म्हणत होते, ते मला अजून कळलेले नाही.

मग बाईंनी एका तरुण दंतवैद्याला कामावर ठेवले. तो एका रोग्याचे तोंड मिटायच्या आत दुसऱ्याला हाक मारी, म्हणून लोक त्याला घाईडॉक्टर म्हणत. त्याच्या हाताखाली यंत्र मध्येच बंद पडू लागले. रोग्याचे हात मांडीवर, बटणाजवळ कोणी नाही, आणि यंत्र गप्प. मिस्त्रीने वायर बदलली, बटण उघडून पुसले, सगळे ठीक निघाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एका संध्याकाळी घाईडॉक्टरने हातमोजे काढले आणि म्हणाला, "बाई, मला एकट्यानं काम करायची सवय आहे. इथं आम्ही दोघं आहोत." आणि पायऱ्या उतरून गेला तो गेलाच.

तेव्हापासून मी गाड्या विकणाऱ्या दलालाच्या आवारात उभी राहिले. चाके बसली. काचेवरच्या धुळीत पोरांनी बोटाने दात काढले, म्हणजे चित्रातले. बाई अधूनमधून किल्ली घेऊन येत, आत पुसून घेत, बॅटरी जिवंत ठेवत आणि जरा वेळ बसून जात. मध्ये बरेच दिवस त्या आल्या नाहीत की माझ्या खुर्चीभर धूळ साचे. फक्त बटणावर साचत नसे.

अशात एक बिऱ्हाड गाडी बघायला आले. सून दातांची डॉक्टर, मुलगा बँकेतला, आणि गालाला पदर लावलेली सासू. सुनेला वाड्यावस्त्यांवर दवाखाना न्यायचा होता. माझ्या शेजारी एक कोरी करकरीत गाडी उभी होती. तिच्या खुर्चीवरचे प्लॅस्टिकही निघाले नव्हते. एकीला नवेपणाचा तोरा आणि दुसरीला जुनेपणाची बदनामी, अशा आम्ही दोघी सवतींसारख्या उभ्या होतो.

"नवीच घेऊ," मुलगा म्हणाला. "जुन्याची कटकट नको. आणि हिच्याबद्दल लोक काय बोलतात ते ऐकलंयस ना?"

"लोक माझ्याबद्दलही बोलतात," सून म्हणाली. "घरच्या सासूची दाढ हिला उघडता येईना, ही गावाच्या दाढा काय बघणार."

खोटे काहीच नव्हते. सासूबाई कित्येक महिने एकाच बाजूने जेवत होत्या. सुनेने विचारले की म्हणत, "मला काही होत नाही. तू लोकांचं बघ." त्या दिवशी मात्र गाल टम्म फुगला होता आणि रात्रभर त्यांचा डोळा लागला नव्हता. सुनेने सामानाची पेटी बरोबरच आणली होती. ती नवऱ्याच्या कानाशी म्हणाली, "आज दाढ उघडून आतला दाब मोकळा केला नाही, तर उद्या आईंना इस्पितळात न्यावं लागेल. आणि यांनी माझ्यापुढे तोंड उघडलं नाही ना, तर मी कुठलीच गाडी घेत नाही."

आधी सासूबाई नव्या गाडीत चढल्या. खाली प्लॅस्टिक करकरले. सुनेने तोंडाशी छोटा कॅमेरा धरताच समोरचा पडदा उजळला आणि त्यावर त्यांचीच किडलेली दाढ भाकरीएवढी दिसली. त्या तशाच उतरल्या.

"आई, काय झालं?"

"काही नाही. माझं तोंड मला माहीत आहे. सिनेमा कशाला?"

मग किल्ली घेऊन आलेल्या बाईंनी माझे दार उघडले. सासूबाई नाखुशीनेच टेकल्या आणि हाताखाली त्यांना बटण लागले.

"हे काय आहे?"

"ते दाबलं की डॉक्टरनं थांबायचं," बाई म्हणाल्या. "डॉक्टर कोणी का असेना."

"म्हणजे ही थांबणार?" त्यांनी सुनेकडे बोट केले.

"थांबेन," सून म्हणाली.

सासूबाईंचा चेहरा दुखऱ्या गालासकट उजळला. "घरी स्वयंपाकघरात बसवता येईल का असं एखादं?"

"बसवू," सून म्हणाली. "पण मग दोन बसवू."

सुनेने भुलीचे इंजेक्शन दिले, वाट पाहिली आणि यंत्र सुरू केले. सासूबाईंनी लगेच बटण दाबले. सून थांबली. पुन्हा सुरू, पुन्हा थांब. मुलगा घड्याळ बघू लागला, पण सून दर वेळी हात मागे घेत राहिली. बघता बघता सासूबाईंची खात्री पटली. त्यांनी बटणावरचा हात काढला आणि दोन्ही हात मांडीवर जुळवून डोळे मिटले. माणूस असा हात काढतो तेव्हा केवढा मान देतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

यंत्र घुमू लागले. आणि जरा वेळाने, मित्रांनो, माझ्या खुर्चीच्या हातावर अंगठ्याएवढा भार पडला.

यंत्र बंद.

सगळे बटणाकडे बघत राहिले. तिथे कोणी नव्हते. सासूबाईंचे हात जुळलेले होते, पण असे घट्ट की नखे पांढरी पडली होती. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होते. सुनेने दिवा बाजूला केला.

"आई, दुखत होतं?"

सासूबाईंनी होकाराची मान हलवली.

"मग दाबलं का नाही?"

"सारखं सारखं काय दाबायचं," त्या जड जिभेने म्हणाल्या. "तू बिचारी थांबत होतीस ना."

सुजलेल्या दाढेला कधी कधी भूल नीट चढत नाही. सुनेने पुन्हा इंजेक्शन दिले आणि या वेळी कितीतरी वेळ त्यांचा हात हातात धरून बसली. नंतर दाढ उघडली, आतला दाब सुटला, आणि सासूबाईंनी असा श्वास सोडला की माझ्या पत्र्यालाही मोकळे वाटले.

मुलगा खाली वाकून वायर बघत होता. "कुठंतरी सैल असणार. नवी टाकून घेऊ."

"टाका," बाई म्हणाल्या. "आम्हीही टाकली होती."

सासूबाई पायरीवर थांबल्या. गालाला पदर नव्हता. "हीच घ्या," त्या म्हणाल्या.

"का गं आई? ती नवी आहे."

"असेल. हिच्यात माझं ऐकतात."

बाईंनी किल्ली सुनेच्या हातात दिली. मग त्यांनी बटणावरून एकदा बोट फिरवले आणि मागे न बघता आवाराबाहेर पडल्या. चालताना त्यांचा उजवा हात जरा मागे राहिला होता, कोणाच्या हातातून नुकताच सुटल्यासारखा.

आता मी पुन्हा वाटेवर आहे. चाके नवी आहेत, वायरही नवी आहे. यंत्र क्वचित कधी आपोआप थांबते. तेव्हा सून घाबरत नाही, आधी रोग्याच्या हातांकडे बघते आणि मग पायांच्या बोटांकडे. मित्रांनो, तुम्हीही तेवढे शिका. जुन्या वस्तूला धूळ लागू देऊ नका हे तर सांगतेच, पण ज्याचे तोंड अडले आहे त्याच्या मुठीकडे आधी बघा. प्रत्येकाच्या हाताशी बटण नसते, आणि असले तरी भिडेपोटी तो दाबत नाही.

दुपारी रोगी संपले की सून बाहेर झाडाखाली डबा उघडते. आत कोणी नसते. तेव्हा माझ्या खुर्चीची गादी हळूच दबते, जरा टेकल्यासारखी. मी स्प्रिंगचा आवाज होऊ देत नाही.