डोकी मोजणारा कंपास आणि चंद्रकलाचे उत्तर

मित्रांनो, तुमच्या दप्तरातला कंपास वर्तुळे काढतो. त्याचे आणि माझे नाते जरा लांबचे आहे. मी एक जुना पितळी कंपास आहे आणि मला वापरून माणसांची डोकी मोजली जात. माझे दोन्ही पाय खेकड्याच्या नांग्यांसारखे आत वळलेले आहेत. एक टोक या कानाच्या वर, दुसरे त्या कानाच्या वर टेकवायचे आणि मधल्या पट्टीवरचा आकडा वाचायचा, एवढेच माझे काम.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी परदेशातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. मला घडवणारा कारागीर मोठा कसबी होता. कोणाला टोचू नये म्हणून त्याने माझी टोके मुद्दाम बोथट ठेवली. मखमलीच्या पेटीत बसून मी बोटीने आलो आणि मग आगगाडीने नागपूरला पोचलो. तिथे एका गोऱ्या साहेबाच्या हाती मी पडलो. तो आसपासच्या गावांत बाजाराच्या दिवशी जायचा, झाडाखाली खुर्ची टाकायचा आणि विणकर, शेतमजूर, जंगलात राहणारे लोक यांना ओळीने समोर बसवायचा. कारकून आकडे लिहून घ्यायचा. साहेबाला माझे फार कौतुक. "हे यंत्र कधी खोटे बोलत नाही," असे तो पाहुण्यांना सांगायचा.

खरेच, मी खोटे बोललो नाही. मी फक्त या हाडापासून त्या हाडापर्यंतचे अंतर सांगितले. पण त्यावरून साहेब लिहायचा की अमुक लोक हुशार, तमुक मंद, आणि हे तर जन्मतःच चोर. पुष्कळदा निकाल आधी ठरलेला असायचा, आकडे मागून यायचे. एकदा एका बाईने डोक्यावरचा पदर सोडायला नकार दिला. शिपायाने तो ओढला. थरथरणारे ते डोके तेव्हा माझ्या दोन टोकांमध्ये होते. मी बोथट होतो, म्हणून तिला जखम झाली नाही, असे मी पुढे कित्येक वर्षे स्वतःला समजावत राहिलो.

साहेब गेला, त्याचे राज्यही गेले. मी एका महाविद्यालयाच्या कपाटात जाऊन पडलो. पेटीतली मखमल उंदरांनी नेली. माझ्यावर हिरवट थर चढला. पुढे कपाटे रिकामी करताना मला भंगाराच्या ढिगात टाकले, आणि तिथून मला डॉक्टर प्रमोदिनी यांनी उचलले.

डॉक्टर प्रमोदिनी म्हणजे वैद्यकीय विद्यार्थ्यांना तीस वर्षे शिकवून निवृत्त झालेल्या बाई. राहतात नागपूरच्याच मनीषनगरला. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी त्या नागपुरातल्या एका सभागृहात सगळ्यांसाठी खुले व्याख्यान देतात. डॉक्टरांनी रोग्याशी कसे वागावे, रोग्याचा हक्क कोणता, हा त्यांचा विषय. त्यांनी मला चिंच लावून घासले आणि तेव्हापासून मी त्यांच्यासोबत टेबलावर असतो.

त्या मला उंच धरतात आणि सुप्रजननशास्त्राची गोष्ट सांगतात. चांगल्या माणसांना मुले व्हावीत, 'हलक्या' माणसांना होऊच नयेत, असे सांगणारे ते शास्त्र. गेल्या शतकात अमेरिकेत त्यासाठी साठ हजारांहून जास्त लोकांवर मूल होऊ नये म्हणून जबरदस्तीने शस्त्रक्रिया झाल्या, जर्मनीत सुमारे चार लाखांवर. "हे करणारे कोणी राक्षस नव्हते," डॉक्टर सांगतात. "शिकलेले डॉक्टर होते. आपण भलंच करून राहिलो, असं त्यांना वाटत होतं."

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका व्याख्यानाला रामाजी आले. उमरेडचे विणकर. घरी अजून एक हातमाग चालतो. ते काही व्याख्यान ऐकायला आले नव्हते. परतीच्या एसटीला दोन तास होते आणि सभागृहात पंखे होते, म्हणून मागच्या खुर्चीवर येऊन बसले. पण बोलणे संपल्यावर तेच आधी उभे राहिले.

"मॅडम, मले एक विचारायचं होतं." त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "माझी पोरगी आहे, चंद्रकला. तेवीस वर्षांची. तिले उशिरा समजते. एक संस्था तिले कायमची ठेवून घ्यायले तयार आहे. पण ते म्हणतात, पहिले तिची गर्भाची पिशवी काढून आणा. पाळीची कटकट नको, अन् तिले लेकरू झालंच तर तेही तसंच निघन म्हणतात. इथं बापाची सही पाहिजे. करून देऊ का नको?"

डॉक्टरांनी मला खाली ठेवले.

"रामाजी, चंद्रकलाले विचारलं का?"

"तिले काय विचारायचं? तिले कुठं समजते?"

"विचारून पाहिलं का?"

रामाजींनी कागदाची पुन्हा घडी घातली.

"आता इथं आणखी नको," डॉक्टर म्हणाल्या. "तिची गोष्ट चारचौघांत बोलायची नाही. तिले घेऊन माझ्या घरी या. तोवर सही राहू द्या."

पुढच्या आठवड्यात ते तिघे मनीषनगरला आले: रामाजी, त्यांच्या पत्नी सिंधूताई आणि चंद्रकला. मी टेबलावरच होतो. चंद्रकलाने आल्या आल्या मला उचलले, उलटसुलट पाहिले आणि सरळ डॉक्टरांच्या डोक्याला लावले. मग आईच्या डोक्याला लावले आणि खुदकन हसली. डॉक्टरही हसल्या. माझ्या साऱ्या आयुष्यात मला लावल्यावर कोणी हसले, ते पहिल्यांदाच.

मग डॉक्टरांनी कागदावर पोटाचे चित्र काढले. सावकाश, एकेक वाक्य करून सांगितले. डॉक्टर इथे कापतील. आतली पिशवी काढतील. मग पाळी येणार नाही. बाळही कधी होणार नाही. सांगून झाल्यावर त्यांनी तिलाच परत सांगायला लावले. चंद्रकलाला वेळ लागला, पण तिने सांगितले. चित्रावर बोट ठेवून सांगितले.

"दुखन?" तिने विचारले.

"हो. बरेच दिवस."

"मी पॅड मीच बदलते. मी घाण नाही करत." ती आईकडे वळली. "सांग ना वं आई."

"बदलते," सिंधूताई हळूच म्हणाल्या. "एकदा शिकवलं, तेव्हापासून बदलते."

"मंग काहून कापता? मले नाही कापायचं."

रामाजींनी तोंडावरून हात फिरवला. पण सिंधूताईंचा बांध फुटला. "तुमचं सारं बरोबर आहे मॅडम. पण आमच्या मागं हिचं कसं? ते लोक हिले ठेवून घेणार होते!"

डॉक्टर त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. "याचं उत्तर आज माझ्यापाशी नाही, सिंधूताई. ते आपण शोधू. पण तिची मर्जी नसताना असं ऑपरेशन कोणीच करू शकत नाही. कायद्यात तसं लिहिलेलं आहे. बापाच्या सहीनंही नाही."

तिचे मत तेच आहे ना, हे पाहायला महिनाभराने डॉक्टरांनी चंद्रकलाला पुन्हा तोच प्रश्न विचारला. ती वैतागली. "सांगतलं ना एक डाव!"

रामाजींनी तो कागद सही न करताच परत नेऊन दिला. संस्थेने जागा नाकारली. सिंधूताई बरेच दिवस डॉक्टरांशी बोलल्या नाहीत. हे मी तुमच्यापासून लपवत नाही, कारण योग्य गोष्ट केली की सगळे लगेच गोड होते, असे नाही. डॉक्टरांनी कितीतरी दारे ठोठावली. शेवटी उमरेडच्याच विणकर बायकांच्या एका गटाने चंद्रकलाला दिवसभरासाठी घेतले. ती मागासाठी छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळून कांड्या भरते, आणि तिच्या कांडीचा धागा मध्येच तुटत नाही, असे त्या बायका सांगतात. आईवडिलांच्या मागे तिचे काय, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. पण आता त्याचा विचार करणारी माणसे दोनाची दहा झाली आहेत, आणि सिंधूताई पुन्हा मनीषनगरला येऊ लागल्या आहेत.

या वर्षी नागपूरजवळच्या कळमेश्वरला व्याख्यान ठरले. डॉक्टरांनी चंद्रकलाला विचारले, "तुझी गोष्ट मी तिथे सांगू का? नाव न घेता?"

"नाव घ्या," ती म्हणाली. "नाही तर थांबा. मीच सांगन."

आणि ती आली. नवा पोशाख घालून माइकसमोर उभी राहिली. ती बराच वेळ काही बोलली नाही. डॉक्टर मदतीला उठल्या, तर तिने हातानेच त्यांना बसायला सांगितले.

"मी चंद्रकला," ती म्हणाली. "मले विचारलं. मी नाही म्हटलं."

एवढेच बोलून ती आईशेजारी जाऊन बसली. हे सारे मी डॉक्टरांच्या उघड्या पिशवीतूनच पाहत होतो; त्या दिवशी त्यांनी मला बाहेर काढलेच नाही. काढायची गरजच उरली नव्हती.

मित्रांनो, मला चकचकीत ठेवा, असे मी म्हणणार नाही. फक्त मला टाकून देऊ नका, म्हणजे असे काही कधी घडलेच नव्हते, असे कोणाला म्हणता येणार नाही. आणि तुमच्या वर्गात, तुमच्या घरात एखाद्याला बोलायला वेळ लागत असेल, तर त्याच्या वतीने घाईने काही ठरवू नका. त्याला विचारा, आणि तो उत्तर देईपर्यंत थांबा.