दिव्यांची चाचणी

“एक, एक, शून्य, एक... शून्य.”

कारभारीकाकांनी पॅनेलवरचे दिवे वाचले. शेवटचं शून्य रजिस्टरात लिहिता लिहिता छायाने सहज मान वर केली आणि तिचा हात थबकला. शेवटचा दिवा तर पेटलेला होता.

तोवर काका यंत्रातलं वरचं, वहीएवढं मेमरी कार्ड उपसून मोकळे झाले होते. शेवटचा दिवा विझलेला असला तर दोष वरच्या कार्डात, पेटलेला असला तर खालच्यात, हे त्यांनीच सहा महिन्यांपूर्वी नव्याने लागलेल्या छायाला शिकवलं होतं. गेल्या तीन दिवसांत वरचं कार्ड दोनदा बदलून झालं होतं. तरी चाचणी सुरू केली की कारखान्याचा तो कपाटाएवढा कॉम्प्युटर पाचव्या मिनिटाला मान टाकत होता. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या बाकीच्या ऑफिसांत एव्हाना टेबलावर मावणारे कॉम्प्युटर आले होते. आज चारपर्यंत हा चालला नाही तर भंगारात, असं मॅनेजर दिनेश साहेबांनी सांगूनच टाकलं होतं. हा भंगारात म्हणजे काका स्टोअरमध्ये, नटबोल्टांच्या पेट्या हलवायला. एकोणीस वर्षं ज्यांनी हे धूड लेकरासारखं सांभाळलं त्यांच्यावर ही वेळ यावी, याचं छायाला मनापासून वाईट वाटत होतं.

“काका, एकदा दिवे तपासायचे का?”

“मला शिकवते का गं?”

ते गुरगुरले, पण आधी दिवे आणि मग यंत्र, हा नियम त्यांचाच होता. सगळे दिवे एकदम पेटवून बघायचं बटण दाबायला त्यांनी पट्टी बांधलेला हात पुढे केला. आठवड्यापूर्वी पंचवटीत उजवीकडून आलेल्या भाजीच्या हातगाडीवर त्यांची सायकल आदळली होती. तेव्हापासून त्या हातगाडीवाल्याचा रोज उद्धार चालू होता. काकांनी बटण दाबून धरलं.

सगळे दिवे लागले. अगदी शेवटचासुद्धा.

“घ्या! शेवटचा गेलाय बघ!” काकांचा चेहरा तीन दिवसांत पहिल्यांदा खुलला. “बल्ब उडालाय, अन् आपण बसलो कार्डं उपसत! लय डोकं खाल्लं याने. बदल, बदल लवकर.”

छायाने त्या दिव्याकडे पाहिलं, मग काकांकडे. तिने तो बल्ब काढला, कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि नवा बसवला. काकांनी पुन्हा बटण दाबलं.

“आता?” तिने विचारलं.

“नाय. होल्डरच गेला असंल, नायतर...”

बोलता बोलता काका थांबले. त्यांनी मान पुरती उजवीकडे, शेवटच्या दिव्याकडे वळवली. मग सरळ केली. पुन्हा वळवली, पुन्हा सरळ केली. बटणावरचं बोट बराच वेळ तसंच राहिलं आणि मग हळूच सुटलं.

काकांनी वरचं कार्ड परत जागेवर बसवलं, खालचं काढलं आणि तिथे नवं लावलं. चाचणी सुरू झाली. पाच मिनिटं गेली, दहा गेली, अर्धा तास गेला. साडेतीनच्या सुमारास प्रिंटर खडखडू लागला आणि त्याच वेळी फोन वाजला. छायाने तो धावत जाऊन उचलला.

“प्रिंटरचा आवाज येतोय, चालू झाला वाटतं. काय झालं होतं?” दिनेश साहेब विचारत होते.

“पॅनेलवरचा एक बल्ब गेला होता, सर. त्यामुळे भलतंच कार्ड बदललं जात होतं.”

एका दमात सांगून तिने फोन ठेवला. वळून पाहिलं तर काका कचऱ्याच्या डब्यावर वाकलेले. त्यांनी चाचपून तो बल्ब शोधला, शर्टाला पुसला आणि नव्या बल्बांच्या खोक्यात ठेवून दिला.

“चांगला हाय तो,” ते म्हणाले. “सोमवारी डोळ्याच्या डॉक्टरकडं जाऊन येतो. तवर दिवे तू वाच.”