एकशे सत्तावीस दात

"एकशे अठ्ठावीस करा. एका दातानं काय आभाळ कोसळतंय?" नंदकिशोरसाहेबांनी ड्रॉइंगवरच्या १२७ वर लाल रेघ ओढली आणि शेजारी १२८ लिहिलं.

हयवदनने हात पुसले. चिकपेटच्या जुन्या मराठी घरातला हा माणूस बंगळूरच्या या कारखान्यात अठरा वर्षं गिअरचे दात पाडत होता. साहेब नागपूरकडचे, येऊन पाच महिने झालेले.

"सर, स्वल्प ऐका. आपले लेथ इंचांचे. आता सरकारनं मिलिमीटर आणलाय. पाच इंच म्हणजे बरोब्बर एकशे सत्तावीस मिलिमीटर. मिलिमीटरचे आटे पाडायचे तर तेवढ्याच दातांचा गिअर हवा."

"मग लहान गिअर जोडून भागवा."

"नाही भागत. त्याला दोननं भाग जात नाही, तीननं जात नाही, सातनं नाही, अकरानं नाही. तो आकडा कशानंच तुटत नाही."

"म्हणूनच सांगतोय! एकशे अठ्ठावीस बघा, अर्धा अर्धा करत एकावर येतो. दात आखायला सोळा भोकांची चकती लावा, दर दाताला पाच-पाच भोकं सरका. आज गिअर हवा."

"एकशे सत्तावीसही पाडतो, सर. जादा चाकं जोडावी लागतील. दोन दिवस द्या."

"मला गणित शिकवू नका."

साहेबांनी सांगितलं तसं हयवदनने केलं.

महिन्याभरात त्या गिअरवर पाडलेले चारशे स्क्रू परत आले. नट चार आटे चढायचा आणि गच्च बसायचा.

मॅनेजरांच्या टेबलावर ड्रॉइंग होतं ते कोरं करकरीत. लाल रेघ नाही. नुसतं १२७. शेजारी टाइप केलेला कागद : 'माझ्या नजरचुकीने एक दात जादा पडला.' खाली सहीची जागा.

हयवदनने कागद परत सरकवला. "तो गिअर मागवा."

बेळगावकडचा बसवंत लेथवर काम करायचा. त्यानेच तो आणून ठेवला.

"नजरचुकीनं दात जादा पडला असता तर एका जागी दाटी झाली असती," हयवदन म्हणाला. "मोजा. सगळे सारखे. एकशे अठ्ठावीस ठरवल्याशिवाय एकशे अठ्ठावीस सारखे पडत नाहीत. ते कुणी ठरवलं, तेही विचारा."

मॅनेजरांनी व्हर्नियर लावून तीन दात मोजले. चौथ्याला हात थांबला. साहेब खिडकीबाहेर बघत होते.

"सही करा, हयवदन," मॅनेजर कन्नडमध्ये हळूच म्हणाले. "प्रकरण इथेच मिटेल. नाहीतर मशीन सोडावं लागेल."

"अठरा वर्षांत माझा एक दात वाकडा गेलेला दाखवा. आत्ता सही करतो."

सहीचा कागद तसाच ठेवून तो बाहेर पडला.

बाहेर बसवंत म्हणाला, "ठोकायची की ओ सही, अण्णा! त्यास्नी काय लागतंय? मशीन तरी ऱ्हायलं असतं."

"मशीन राहिलं असतं रे. त्याच्यासमोर उभं कोण राहिलं असतं?"

सोमवारपासून तो कानशीच्या बाकावर. गिअरच्या कडा घासायच्या, एवढंच काम.

गुरुवारी मॅनेजर स्वतः बाकापाशी आले. एकशे सत्तावीसचा गिअर हवा होता आणि हयवदनच्या जागी आणलेल्या नव्या माणसाला तो जमत नव्हता.

दोन दिवस हयवदन आपल्या जुन्या मशीनवर उभा राहिला. शनिवारी दुपारी शेवटची खाच पडली. शेवटच्या दातापासून पहिल्यापर्यंत अंतर केसाइतकंही कमी-जास्त नव्हतं. बाजूला लटकवलेल्या कामाच्या कार्डावर कारागीर म्हणून नव्या माणसाचं नाव आधीच टाइप केलेलं होतं, त्याखाली 'मार्गदर्शन : नंदकिशोर'.

हयवदनने ते वाचलं. ब्रश घेऊन मशीनवरचा कीस कोपऱ्याकोपऱ्यातून झाडला, उघड्या लोखंडावर तेलाचं बोट फिरवलं आणि तो कानशीकडे परत गेला.