डॉन बासिलियोंचा पुढचा दात

मित्रांनो, मी अत्लिक्स्को गावच्या डॉन बासिलियोंचा पुढचा दात आहे. जुना आहे, पण जन्माचा नव्हे. दंतवैद्य इत्सेलबाईंच्या यंत्राने रेझिनचे पातळ थर एकावर एक चढवत मला छापून काढलं. मग घासूनपुसून अशी चकाकी दिली, की खरे शेजारी हिरमुसले.

डॉन बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतात. ओठांमागे मी पाय रोवून उभा असतो, म्हणून सूर लागतो. टाळ्या मात्र त्यांना. वर मी बाटल्यांची झाकणंही उघडली, पण कधी हूं की चूं केलं नाही.

आमच्याकडे सहा जानेवारीच्या सणाला घराघरांत गोल गोड पाव कापतात. आत दडवलेलं प्लास्टिकचं बाळ ज्याला मिळेल, त्याने दोन फेब्रुवारीला सगळ्यांना तमाले, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेले मक्याचे उंडे, खाऊ घालायचे. यंदा ते आमच्या तोंडात आलं. डॉननी ते गालात लपवलं आणि चेहरा साळसूद केला.

"आज गप्प का हो? एरवी तर तोंडाचा पट्टा चालू असतो," त्यांच्या बायकोने, ओबदुलियाबाईंनी विचारलं.

दचकून त्यांनी दात आवळले. कट्! बाळ आणि माझा कोपरा, दोघेही टेबलावर.

"अगं बाई! बाळाला दातसुद्धा आला!"

तमाले गळ्यात पडले ते पडलेच. पण त्याच दोन फेब्रुवारीला मिरवणुकीत ट्रम्पेट वाजवायचं होतं, आणि फटीतून नुसती हवा फुसफुसत होती. बँडमधली त्यांची जागा पटकवायला मेहुणा टपलेलाच होता.

"आधी दात खरवडते," इत्सेलबाई म्हणाल्या.

"खबरदार! देखण्या दाताला ओरखडे? वरच्यावर चिकटवा," डॉन गरजले.

त्या हट्टापुढे बाईंनी हात टेकले. तालमीत पहिल्याच फुंकरीला ठिगळ उडालं आणि ढोलवाल्याच्या कॉफीत पडलं. गुळगुळीत अंगावर काही टिकत नाही, हे मला ठाऊक होतं. पण दाताला कोण विचारतो?

दुसऱ्या खेपेला डॉन निमूट बसले. बाईंनी बारीक भुकटीचा फवारा मारून माझी चकाकी उतरवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग चिकट द्रव चोळला, नवा कोपरा घडवला आणि तो घट्ट व्हायला निळा दिवा धरला.

मिरवणुकीत मी जीव मुठीत धरून होतो. सगळ्यात उंच सूर आला. कोपरा हलला नाही. मेहुण्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

मित्रांनो, दातांनी झाकणं उघडू नका, आणि दुरुस्तीआधी कुणी खरवडलं तर रुसू नका. लोकांनी डॉनना खांद्यावर घेतलं, माझं नावही कुणी काढलं नाही. पण त्या गलक्यात डॉननी ओठ मिटून मला जिभेने हळूच चाचपलं. मला भरून आलं.